शाळेच्या गल्लीतला सत्कार

आमच्या शाळेसमोर कापसाचं गोदाम झालं ते एका व्यापाऱ्याच्या हट्टापायी, असं आमच्याकडची जुनी माणसं अजून सांगतात. मी ऐकून घेत नाही. व्यापाऱ्यानं त्याचा धंदा केला. त्याला वाट मोकळी करून दिली ती आमच्याच लोकांनी, आणि तीही हार घालून, अत्तर लावून, पानसुपारी देऊन. इतकी वर्षं झाली तरी माझा राग गेलेला नाही. तो जावा असं मला वाटतही नाही.

उज्जैनला देवास गेटजवळ एक लांब, अरुंद गल्ली होती. एका अंगाला आमची मुलींची शाळा, तिच्या भिंतीला लागून लहान मुलांची प्राथमिक शाळा, आणि समोर मोकळं सरकारी मैदान. गल्लीला तोंड एकच. दुसऱ्या टोकाला नाला. त्यामुळे पाटी-दप्तर घेतलेली पोर असो की बैलगाडी, यायचं-जायचं एकाच वाटेनं. मैदानात आम्ही खो-खो खेळत असू आणि मधल्या सुट्टीत चिंचेखाली डबे उघडत असू. स्टेशनचा मालधक्का तिथून जवळ होता, म्हणून व्यापाऱ्याचा डोळा त्या जागेवर गेला.

नवं मध्य प्रदेश राज्य झालं तेव्हाची ही गोष्ट. ग्वाल्हेर दरबार जाऊन मध्य भारत आला होता. त्याची सवय होते न होते तोच तोही गेला आणि राजधानी भोपाळला गेली. मी तेव्हा मॅट्रिकच्या आदल्या वर्गात होते. आमच्या घरात एकही बाई मॅट्रिक झालेली नव्हती. मला व्हायचं होतं. त्यापलीकडे तेव्हा मला या जगाकडून काहीही नको होतं.

पण मुलीला शाळेत पाठवणं ही त्या काळी घरच्यांची मेहेरबानी असायची, आणि ती काढून घ्यायला कुठलंही निमित्त पुरायचं. माझ्या बाकावर भैरवगढची एक मुलगी बसायची. तिचे वडील कापडावर ठसे उमटवायचे. ठशांचा रंग त्यांच्या नखांतून कधी जायचा नाही. मुलीला शिकवायचं म्हणून त्यांनी तिला देवास गेटला मावशीच्या घरी ठेवलं होतं आणि त्यापायी बिरादरीची बोलणी खाल्ली होती. मावशीला ते आवडत नव्हतं. ती रोज सकाळी भाचीला दारापर्यंत सोडताना म्हणायची, “एक भी ऊँच-नीच हुई तो उसी दिन बस्ता बंद.” माझ्या घरी असं कुणी बोलून दाखवत नव्हतं, कारण आम्ही सभ्य माणसं होतो. मनात मात्र तेच होतं.

दसऱ्यानंतर शाळा उघडली तर मैदानात चुन्याच्या रेघा मारलेल्या. तिथल्या चौकीदारानं सांगितलं, “गोदाम बनेगा. कपास की गाँठें रखेंगे.” आठवड्याभरात दगडांच्या गाड्या येऊ लागल्या. गाडी गल्लीत शिरली की आम्ही भिंतीला पाठ लावून, पोट आत घेऊन उभ्या राहायचो. चाकं गेली की पुढे. गाडीवान चांगलेही असायचे, वाईटही असायचे. हमालांतले काही जण जाता-येता काहीबाही बोलायचे आणि आम्ही ते ऐकलं नाही असं दाखवायचो.

मग एके दिवशी दगडांचा ट्रक मागे घेताना प्राथमिक शाळेतली एक चिमुरडी ट्रक आणि भिंत यांच्यामध्ये सापडली. ड्रायव्हरला कुणीतरी ओरडून थांबवलं. तिला लागलं नाही, पाटीचा मात्र चुरा झाला. दिवसभर त्या पोरीच्या तोंडून शब्द फुटला नाही. आमच्या मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, तिला मांडीवर घेऊन ऑफिसात बसून राहिल्या होत्या. मी दारातून पाहिलं. बाई रडत नव्हत्या. त्यांचा जबडा घट्ट आवळलेला होता.

मोठ्या बाई साताऱ्याकडच्या. एकट्याच नोकरीसाठी उज्जैनला आलेल्या. त्यांच्या मराठीत हिंदीचा शब्द नसायचा आणि बोलणं असं रोखठोक, की आमच्या बायका त्यांना पाठीमागे ‘दक्षिणेतली तोफ’ म्हणत. संध्याकाळपासून त्या घरोघर फिरायला लागल्या. मराठी घरं झाली, मालवी घरं झाली, बोहऱ्यांची घरं झाली. गोदाम इथे नको, एवढं एकच म्हणणं. मालवी बायका लगेच तयार झाल्या. एकीनं तर विचारलं, “कब चलणो है, बाई? आज?”

आमचे पुरुष तयार व्हायला वेळ लागला. त्याला कारण होतं, आणि त्या कारणाचाही मला राग येतो. आमच्या आळीतले निम्मे मराठी पुरुष सरकारी नोकर. राज्यं एकत्र झाल्यावर कोणाला कुठे घेणार, कोणाची ज्येष्ठता कोणाच्या खाली जाणार, कोणाची बदली थेट रायपूरकडे होणार, याचीच चर्चा रात्रंदिवस. माझे बाबा महसूल खात्यात होते. त्यांच्या नेमणुकीचा हुकूम यायचा होता. तेव्हा कोणत्याही साहेबाच्या नजरेत येऊ नये अशी सगळ्यांची धडपड, आणि आला तर चांगल्यातच यावं.

तरी अर्ज गेला. तो आधी ग्वाल्हेरला गेला, कारण आमच्या लोकांना अर्ज म्हटलं की ग्वाल्हेरच आठवायचं. तिथून उत्तर आलं की इंदूरला विचारा. इंदूरनं सांगितलं की आता सगळं भोपाळला. तोवर गोदामाची भिंत पुरुषभर उंच झाली. अखेर बाईंच्या तिसऱ्या की चौथ्या पत्रानंतर कळलं की एक मोठे साहेब दौऱ्यावर उज्जैनला येतायत आणि ते जागा स्वतः बघणार आहेत. शेवटची मंजुरी त्यांच्या हातात होती. ते नाही म्हणाले की गोदाम थांबणार, इतकं सरळ होतं.

बैठक आमच्या घरी झाली. मी दाराआड उभी होते. मोठ्या बाईंचं म्हणणं स्पष्ट होतं. “साहेबांना शाळा सुटायच्या वेळी आणा. गाड्या चालू असू देत. मुली बाहेर पडू देत. दोन मिनिटं त्यांना भिंतीशी उभं करा, बस. कोणी एक शब्द बोलायची गरज नाही.”

शेजारचे काका हसले. त्यांच्या घराण्यात पूर्वी दरबारच्या पागेची व्यवस्था होती आणि घरी अजून चांदीची अत्तरदाणी होती. ते म्हणाले, “बाई, तुम्ही नव्या आहात इकडे. माणूस पहिल्यांदा आपल्या दारात येऊन राहिलाय. त्याला भिंतीला उभं करायचं? आधी मान, मग मागणं. सुभेसाहेबांच्या वेळेपासून असंच चालत आलंय.” दरबारच्या काळात जिल्ह्याच्या मुख्य अधिकाऱ्याला सुभेसाहेब म्हणत. दरबार जाऊन इतकी वर्षं झाली होती, पण काकांच्या तोंडून तो शब्द गेला नव्हता.

बाबांनी मान डोलावली. “एकदम तक्रार केली तर माणूस बिथरतो. खुश झाला की एक शब्दात काम होऊन जाईल.”

“आणि खुश झाला, पण तो शब्द राहूनच गेला तर?” बाई म्हणाल्या.

“असं कसं राहील? मानपत्रात घालू ना.”

मानपत्र बाबांनी लिहायचं हे न सांगता ठरलं. आमच्या घराण्यात कधीकाळी दरबारी पत्रव्यवहार होता, आणि त्यातलं आता एवढंच उरलं होतं: बाबांचं सुंदर अक्षर. बदली झालेल्या, निवृत्त झालेल्या, नुसत्या येऊन गेलेल्या कितीतरी साहेबांची मानपत्रं त्यांनी लिहिली होती. त्या रात्री ते जेवताना नेहमीपेक्षा जास्त बोलत होते. आनंदात होते हो! गोदाम बाजूलाच राहिलं, बाबा शब्द जुळवत होते.

आणि मग तयारी सुरू झाली. ती आठवली की आजही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. साहेबांच्या पायाला खडे लागू नयेत म्हणून चाकांच्या खोल चाकोऱ्या मुरूम घालून बुजवल्या. गल्लीवर पाणी शिंपडलं. धूळ आणि बैलांचं शेण नको म्हणून त्या दिवशी गाड्या बंद ठेवायची विनंती व्यापाऱ्याला केली. त्यानं हात जोडून ती लगेच मान्य केली, आणि शामियान्यासाठी खुर्च्याही पाठवल्या. त्यालाही निमंत्रण दिलं, कारण त्याच्याच खुर्च्या घेऊन त्याला न बोलावणं बरं दिसलं नसतं. अर्धवट बांधलेली भिंत ओंगळ दिसते म्हणून तिच्यापुढे रंगीत कनात लावली आणि कनातीवर आंब्याचं तोरण. पोरांचा गलका नको म्हणून दोन्ही शाळांना सुट्टी. हे सगळं हौसेनं, धावपळ करून, स्वतःच्या हातांनी. जे साहेबांना दाखवायचं होतं ते एकेक करून आमच्या माणसांनी झाकलं, पुसलं, घरी पाठवलं. त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. पाहुणा यायचा म्हणजे घर आवरायचं, हे त्यांच्या रक्तात होतं.

मोठ्या बाई सुट्टीच्या आदल्या दिवशी काकांकडे भांडायला गेल्या होत्या. काका म्हणाले, “मुली हव्यात ना? स्वागतगीताला घ्या की आठ-दहा. पांढऱ्या साड्यांत छान दिसतील.”

त्या आठ-दहांत मी होते आणि माझी भैरवगढची मैत्रीणही. ओवाळायचं ताट माझ्या हातात दिलं होतं.

साहेब आले. वाईट माणूस वाटला नाही, हे मला कबूल केलं पाहिजे. मध्यमवयीन, थकलेला, चेहऱ्यावर प्रवासाची धूळ. गाडीतून उतरल्या उतरल्या त्यांनी विचारलं, “वो जगह कौन-सी है?” मी हे माझ्या कानांनी ऐकलं. माणूस कामाचं विचारत होता! काका पुढे झाले आणि म्हणाले, “पहले विराजिए, साहब, पहले विराजिए.” आणि त्यांना खुर्चीवर नेऊन बसवलं. पहिल्या रांगेत, साहेबांच्या शेजारी, व्यापारी बसला होता.

मी ओवाळलं. गीत झालं. अत्तर, गुलाबपाणी, पानसुपारी, शाल, नारळ. मग बाबा मानपत्र वाचायला उठले. बाबांचा आवाज फार चांगला होता. साहेबांचं कुल, त्यांची विद्वत्ता, अवंतिका नगरीचं भाग्य, क्षिप्रेचं जल, सगळं आलं. मी ताट धरून उभी होते आणि त्या एका शब्दाची वाट पाहत होते. शेवटी तो भाग आला. “इस वीथिका की बालिकाओं की सुविधा की ओर भी श्रीमान की कृपादृष्टि बनी रहे.” एवढंच. गोदाम नाही, ट्रक नाही, भिंतीत सापडलेली पोर नाही. टाळ्या पडल्या. व्यापाऱ्यानंही वाजवल्या, आणि मला वाटतं सगळ्यांत जोरात.

साहेब उठले. गहिवरले होते. म्हणाले, “इतना साफ़ रास्ता, इतने प्रेमी लोग! मुझे तो बताया गया था कि यहाँ लोग नाराज़ हैं. बच्चियों के लिए इससे अच्छी जगह क्या होगी?”

तेव्हा मोठ्या बाई उठल्या. त्यांची हिंदी मोडकीतोडकी. “साहेब, वो कनात के पीछे देखो. हमारा रास्ता रोज़ ऐसा नहीं रहता—”

सगळ्या शामियान्यानं मान वळवली. जणू कुणी देवघरात चपला घालून आलं होतं. काका दबक्या आवाजात म्हणाले, “बाई, आभार बाकी आहेत अजून.” आणि माझे बाबा, ज्यांनी मला कधी ‘अगं’ सोडून वेगळ्या स्वरात हाक मारली नव्हती, त्यांनी बाईंना हातानं खूण केली. बसा. तळहात खाली करून, लहान मुलाला करतात तशी. मला त्या क्षणी माझ्या बाबांची लाज वाटली. ती लाज मी पुढे कधीच पूर्ण धुऊन काढू शकले नाही, आणि तसा प्रयत्नही केला नाही.

बाई बसल्या नाहीत. पण त्यांचं बोलणं आभारात बुडून गेलं. साहेबांना जेवायला उशीर होत होता. जेवण व्यापाऱ्याकडे होतं.

गल्लीच्या तोंडाशी मालवी बायका आणि इतर घरांतली माणसं उभी होती. त्यांना ‘कार्यक्रम झाला की तुम्हाला बोलावतो’ असं सांगून तिथेच थांबवलं होतं. माझ्या मैत्रिणीचे वडीलही हातातलं काम टाकून भैरवगढहून आले होते. साहेबांची गाडी निघाली तेव्हा आमच्यातलाच एक जण पुढे धावला आणि त्या लोकांना म्हणाला, “बाजू में हो जाओ, बाजू में. साहब की गाड़ी निकलने दो.” ते बाजूला झाले. त्यांच्या पाठी भिंतीला लागल्या.

संध्याकाळी आमच्या घरी पुन्हा सगळे जमले. चहा झाला. काय सत्कार झाला, काय शामियाना शोभला! “निघताना माझा हात दोन्ही हातांत धरला त्यांनी,” काका सांगत होते. बाबांच्या मानपत्राचं तर विचारू नका. साहेब ते सोबत घेऊन गेले होते. आई कपबशा उचलायला आली आणि सहज विचारावं तसं तिनं विचारलं, “मग गोदामाचं काय झालं?”

काकांनी रिकामा कप तिच्या हातात दिला. मग बाबा म्हणाले, “अगं, आता ओळख झाली ना. पुढे बोलता येईल हळूहळू.”

मंजुरी हळूहळू आली नाही. लगेच आली. स्थानिक रहिवाशांशी भेट झाली असून त्यांची काही हरकत दिसली नाही, असं त्यात होतं. मोठ्या बाईंनी तो कागद आम्हाला वर्गात वाचून दाखवला. वाचून झाल्यावर त्यांनी फळा पुसायला घेतला. तो आधीच पुसलेला होता.

उन्हाळ्याच्या तोंडावर गोदाम सुरू झालं. ट्रक, गाडे, हमाल, भोंगे, आरडाओरडा. मधल्या सुट्टीत आम्ही वर्गातच बसायचो, कारण मैदानच नव्हतं. चिंच तर पहिल्याच महिन्यात तोडली होती. एका गाड्याची दांडी माझ्या मैत्रिणीच्या खांद्याला लागली. फार नाही, नुसतं खरचटलं. पण मावशीला तेवढं पुरलं. वडील भैरवगढहून तिला घ्यायला आले. तिनं दप्तर आवरलं आणि जाताना मला म्हणाली, “तेरे बाबा ने उस दिन कितना अच्छा पढ़ा था ना!” तिच्या मनात काही नव्हतं. तिला ते खरंच आवडलं होतं. मी रात्री उशीत तोंड खुपसून रडले ते त्या वाक्यासाठी.

तिच्यामागून एकेक करून आणखी मुली गेल्या. बोहऱ्यांच्या दोघी गेल्या, रेल्वेतल्या बाबूंची मुलगी गेली, काकांची पुतणीही गेली. काकांनी तिला घरी शिकवणी लावतो म्हणून सांगितलं. लावली नाही.

मग माझी पाळी आली. जून उजाडला, माझं मॅट्रिकचं वर्ष सुरू झालं, आणि बाबांनी एका सकाळी मला एक कागद दिला. “हा मोठ्या बाईंना दे.” मी जिन्यात उभी राहून वाचला. दोनच ओळींचा अर्ज होता. “शाळेच्या रस्त्यावर गोदामाच्या गाड्यांची व हमालांची सतत वर्दळ असल्याने मुलींचे येणे-जाणे धोक्याचे झाले आहे. सबब माझ्या मुलीचे नाव पटावरून कमी करावे.” श्रीमान नाही, कृपादृष्टी नाही, क्षिप्रेचं जल नाही. सरळ, स्वच्छ, एकही शब्द जास्त नाही. इतकं चांगलं वाक्य बाबांनी आयुष्यात लिहिलं नसेल.

मी परत आत गेले. मी विचारलं. “हेच त्या दिवशी साहेबांना का नाही सांगितलंत?”

बाबांनी चष्मा काढला. त्यांना राग आला नव्हता. त्यांना प्रश्नच कळला नव्हता. “तशी वेळ होती का ती?” ते म्हणाले.

मी कागद घेऊन शाळेत गेले. दोन ट्रक जाईपर्यंत गल्लीच्या तोंडाशी थांबले, मग भिंतीच्या कडेनं. मोठ्या बाईंनी अर्ज वाचला, पुन्हा वाचला. “वडिलांचं अक्षर?”

“हो.”

“म्हणजे त्यांना लिहिता येतं.” त्यांनी कागदाची घडी घातली. “मी असं नाव कमी करत नाही. वडिलांना म्हणावं, स्वतः या. याच रस्त्यानं या, शाळा सुटायच्या वेळी. भिंतीला पाठ लावून दोन गाड्या जाऊ द्या, आणि मग माझ्यासमोर उभं राहून सांगा. तेव्हा कमी करीन.”

घरी येऊन मी निरोप जसाच्या तसा सांगितला. आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. बाबांनी ऐकून घेतलं, आणि पेपर उघडला.

“त्या रस्त्यानं आता कोण जाणार?” ते म्हणाले.

ते कधीच गेले नाहीत. मलाही पुन्हा जाऊ दिलं नाही. मोठ्या बाईंनी शब्द पाळला. माझं नाव वर्ष संपेपर्यंत पटावर ठेवलं, आणि रोज हजेरीला पुकारलं.